टेबलाची खालची बाजू

आमच्या पिढीला लहान मुलाचं फर्निचर म्हटलं की दोनच वस्तू आठवतात, पाळणा आणि पांगुळगाडा. एक झोपायला, दुसरा उठून चालायला. त्यापुढे मुलासाठी घरात वेगळं काही करून घ्यावं लागतं, असं कुणाच्या डोक्यात यायचं नाही. पांगुळगाडा सुटला की मूल सरळ पाटावर. पाटही आजोबांचा तोच नातवाचा. फार तर बाळाच्या पाटाला कडेने एखादी वेल जास्त, वाढदिवसाला त्याभोवती रांगोळी. पंगतीत साठीचे काका आणि चार वर्षांचा पुतण्या शेजारी शेजारी बसले की डोक्यांत वीत-दोन वितींचा फरक दिसायचा, पानं मात्र एका पातळीवर. आमटी सांडली तर दोघांचीही जमिनीवरच सांडायची. जमिनीवर मांडी घालून जगणाऱ्या घरात मूल आपोआप सगळ्यांच्या उंचीचं असतं.

टेबल-खुर्ची आली आणि हे बिनसलं. जेवणाचं टेबल साधारण तीस इंच उंच. तीन वर्षांचं मूल सदतीस-अडतीस इंचांचं. म्हणजे टेबलाची कड थेट हनुवटीला. वर काय चाललंय ते त्याला टाचा उंचावून बघावं लागतं, किंवा कुणीतरी उचलून घ्यावं लागतं. मोठ्यांच्या खुर्चीत बसवलं की पाय लोंबकळत राहतात आणि लोंबकळणारे पाय स्वस्थ बसत नाहीत. मग आपण म्हणतो, कसलं चुळबुळं मूल आहे.

मारिया माँटेसरीने 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. शाळेतल्या जड, जमिनीला ठोकलेल्या बाकांवर तिचा मोठा राग. तिने मुलांच्या मापाची हलकी टेबलं करून घेतली, चार वर्षांची दोन मुलं मिळून उचलून नेऊ शकतील इतकी हलकी. हलकी खुर्ची धक्का लागला की पडते, आवाज होतो, आणि कुणी न रागावता मुलाला कळतं की आपण अंग सांभाळून वळलो नाही. मला हा मुद्दा फार आवडतो. फर्निचरनेच शिकवायचं, बाईंनी गप्प बसायचं. मी चित्रकलेची शिक्षिका होते. गप्प बसणं या धंद्यात किती अवघड असतं ते मला ठाऊक आहे.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर हेच काम केलं आणि 1945 मध्ये बोर्डीला येऊन ते खेड्यात नेलं. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर त्या आणि अनुताई वाघ आदिवासी मुलांमध्ये राहिल्या. तिथे इटलीची महागडी साधनं परवडणार नव्हती. दगडगोटे, पानं, बिया हीच साधनं झाली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणात गेली. टेबल-खुर्चीचा प्रश्न त्यांनी पुन्हा जमिनीवर आणून सोडवला, असं मला वाटतं. खरं तर तेच सगळ्यांत शहाणपणाचं उत्तर आहे.

पण माझी नात पुण्याला असते. त्या फ्लॅटमध्ये बसण्याजोगी जमीन उरलेली नाही. सोफा, त्याच्यापुढे काचेचं टीपॉय, भिंतीला टीव्हीचं युनिट, खिडकीशी जावयांचं ऑफिसचं टेबल. घरात सगळे उंचावर राहतात, एकटी तीच खाली. मी जाते तेव्हा तिच्या बरोबरीने खाली बसते, पण गुडघे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत. मुलीला म्हटलं, हिच्यासाठी छोटं टेबल आणि खुर्ची करते. ती म्हणाली, "आई, ऑनलाइन मिळतं गं. दोन दिवसांत घरपोच."

मिळतं हे खरं. प्लास्टिकच्या खुर्चीची मी निंदा करणार नाही. ती हलकी असते, धुता येते, तिला कोपरे नसतात, आणि मुलगी रागाने फेकते तेव्हा फरशी फुटत नाही. भुशाच्या दाबलेल्या फळीची टेबलंही दिसायला गोड असतात, वर ससे आणि युनिकॉर्न. दूध सांडलं की कड फुगते आणि सशाचा कान सोलवटून निघतो, एवढंच. माझी अडचण निराळी होती. सावंतवाडीत जन्म गेलेल्या बाईने नातीला सशाचं स्टिकर लावलेलं टेबल द्यायचं, तर चितार आळीतून मान वर करून चालायचं कसं?

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्या गावात चितार आळी नावाची एक आळी आहे. मोती तलावापासून चालत काही मिनिटांवर. दुकानांत लाकडी आंबे, काजू, केळी, मिरच्या, भातुकली, बैलगाड्या, रंगवलेले पाट आणि चौरंग. पर्यटक टोपलीभर लाकडी फळं घेतात आणि गोव्याच्या वाटेला लागतात. पण या गावाचा हात ज्यावर घडला ती वस्तू फळं नव्हे, गंजिफा. गोल पत्ते, दशावतारी गंजिफेत 120 पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची पार्श्वभूमी वेगळी. मत्स्यावताराच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. एवढ्याशा वर्तुळात अख्खा राजा, त्याचं आसन, मागे चवरी ढाळणारा सेवक. ही कला जवळजवळ संपली होती. 1970च्या दशकात सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागिरांना बसवून पुन्हा उभी केली. तिथे आजही माणसं मांडी घालून, मान खाली घालून रंगवत बसलेली दिसतात. मी शाळेतल्या मुलांच्या रांगा घेऊन तिथे जायचे. मुलं कंटाळायची, मी खिळून राहायचे.

तेव्हा रंगाचं मला भय नव्हतं. लाकडाचं होतं. सगळा जन्म मी लाकडाच्या पृष्ठभागावर काम केलं, आत काय चालतं ते सुताराला ठाऊक. म्हणून गावाबाहेरच्या एका मेस्त्रींकडे गेले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्यामुळे मला नाही म्हणण्याची त्यांना सोय नव्हती.

माझ्या मनात पांगारा होता. सावंतवाडीची जुनी खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची. फांदी तोडून रोवली तरी जगणारं काटेरी झाड, कुंपणाला लावतात, मिरवेलीला आधार म्हणून लावतात, आणि शिमग्याच्या सुमाराला एकही पान अंगावर न ठेवता लालभडक फुलतं. लाकूड इतकं हलकं की हातात घेतल्यावर फसवणूक झाल्यासारखं वाटतं. कातायला सोपं, रंग छान धरतं. नातीच्या टेबलाला याहून योग्य काय? मेस्त्रींनी माझ्याकडे न बघता रंध्याचं पातं काढलं, धार पाहिली आणि म्हणाले, "बाई, पांगारो खेळूक बरो, बसूक नाय."

यावर वाद नव्हता. पांगारा मऊ, त्यात कुसू घट्ट धरत नाही. खुर्चीचे पाय महिनाभरात डुगडुगले असते. आंबा स्वस्त, पण त्याला किडा लवकर लागतो. साग सगळ्यांच्या तोंडी, पण तो जड, महाग आणि अंगचा तेलकट, त्यावर माझा पाण्यातला रंग नीट बसायचा नाही. शेवटी ठरलं ते असं: वरच्या फळ्या शिवणीच्या, पाय फणसाचे. शिवण हलकी, फिकट रंगाची आणि वाकडी होण्याच्या बाबतीत फार समंजस. पाट शिवणीचा चांगला असं जुनी माणसं म्हणतात ते उगाच नाही. फणस मजबूत. ताजा कापला की आतून हळदीसारखा पिवळा, आणि वर्षं जातात तसा काळवंडत तांबूस तपकिरी होत जातो. ठरवलं, पायांना रंग लावायचा नाही. नात मोठी होईल तसा तो रंग आपला आपण बदलत जाईल. त्यात माझी कलाकुसर कशाला?

आमचं घोडं अडलं ते हवेवर. सावंतवाडीचं लाकूड पुण्याला जायचं होतं. इथे पावसाळ्यात कपाटाची दारं लागत नाहीत, पुण्याच्या एप्रिलमध्ये तीच दारं खुळखुळतात. लाकूड लांबीला फारसं घटत-वाढत नाही, रुंदीला मात्र श्वास घेतं. आमच्याकडे जूनमध्ये फुगलेली फळी पुण्याला जाऊन एखादं सूत तरी आत येणार. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराचं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत महत्त्वाचं माप. फळी चारी बाजूंनी करकचून आवळली तर ती आत येताना कुठेतरी तडकते, कारण तिला यायचंच असतं. म्हणून मेस्त्रींनी दोन गोष्टी केल्या. जोडकाम पाऊस लागायच्या आत उरकायचं ठरवलं. आणि वरची फळी ज्या आडव्या पट्ट्यांवर स्क्रूने बसते, त्या पट्ट्यांमधली भोकं गोल न पाडता लांबट पाडली. स्क्रू धरून ठेवतो, पण भोकात थोडा सरकू शकतो. "लाकूड जिता आसता, बाई. कापल्यावर पण," एवढं म्हणून ते पुढच्या भोकाकडे वळले. लेकीला सासरी पाठवताना आम्ही केवढा उपदेश केला होता. ही लांबट भोकं कुणी सुचवली नव्हती.

मापाचं काम फोनवरून झालं. मुलाच्या खुर्चीला वय विचारायचं नसतं, पाय विचारायचे. मूल बसलं असताना तळव्यापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंत जेवढं अंतर, तेवढी बैठकीची उंची. नात मोजायला बसेना, म्हणून मुलीने ती टीव्ही बघत असताना मोजलं. साडेनऊ इंच भरलं. मेस्त्रींनी वाढीसाठी अर्धा धरून दहा केले. बैठकीपासून टेबलाची फळी आठ इंच वर, म्हणजे टेबल अठरा इंचांचं. जावयांचा फोन आला, "पण आई, दोन-तीन वर्षांत लहान होईल ना हे?" होईलच. पाळणा सहा महिन्यांत लहान होतो, तरी कुणी त्याची दोरी कच्ची घेत नाही.

टेबलाचे पाय खाली जाताना किंचित बाहेर फाकवले. फळीची कड पायांच्या तळाच्या बाहेर लोंबत असेल आणि मूल त्या कडेवर चढलं, तर टेबल उलटतं. मूल चढणार नाही असं धरून चालणारे लोक फर्निचर शोरूमसाठी करतात. कोपऱ्यांची गोलाई मी रुपयाच्या नाण्याने आखली, मेस्त्रींनी करवतीने कापली, कानशीने घासली. पुढचं घासणं माझ्याकडे आलं. पॉलिश पेपर आधी ऐंशी नंबरचा, मग एकशेवीसचा, मग दोनशेवीसचा. तो झाला की ओल्या फडक्याने फळी पुसायची. वाळल्यावर हात फिरवला की गुळगुळीत वाटलेल्या लाकडावर पुन्हा बारीक लव उभी राहिलेली लागते. तीही काढायची. मग डोळे मिटून तळवा कडेवरून फिरवायचा, कारण डोळे कौतुक करतात, तळवा करत नाही. मेस्त्रींच्या पत्र्याच्या छपराखाली, भुशाच्या वासात, दुपारच्या वेळी हे काम करताना माझ्या डोक्यातले कितीतरी विचार आपोआप बंद झाले. निवृत्तीनंतर योगासनांच्या वर्गाला जाणाऱ्या मैत्रिणींना मी हे सांगून पाहिलं. त्या हसल्या.

टेबल उभं राहिलं तेव्हा ते उलटं होतं. पाय वर, फळी खाली, जोड वाळण्यासाठी शिकंज्यात. आणि वाकून बघताना माझं लक्ष फळीच्या खालच्या बाजूकडे गेलं. वरची बाजू माझ्या हातून आरशासारखी झालेली, खालची तशीच, करवतीच्या खुणांसकट. सगळ्याच फर्निचरची खालची बाजू अशी असते. तिथे सुताराच्या पेन्सिलीचे आकडे असतात, वाहून आलेला फेव्हिकॉल असतो, कोळ्याचं जाळं असतं. ती बाजू कुणाची नसते.

लहान मुलाची असते. नातीकडे गेले की मी हे नेहमी बघत आले आहे. ती जेवणाच्या टेबलावर दिवसातून दोनदा असते, तेही बळेच. टेबलाखाली मात्र ती आपण होऊन जाते. तिथे तिची बाहुली निजते, बिस्किटाचा साठा असतो, रागावल्यावर जायची जागा तीच. पाठीवर पडून ती वर बघते, आणि वर तिला दिसते ती नेमकी कुणी न घासलेली, कुणी न रंगवलेली बाजू. आपल्या आज्या-पणज्यांना ही गोष्ट कळत होती. पाळण्यावर कापडी चिमण्या, राघू, रंगीत झालरी टांगायच्या त्या पाहुण्यांसाठी नव्हत्या. उताण्या पडलेल्या जिवाला बघायला काहीतरी हवं, एवढा साधा हिशेब होता. मूल चालायला लागल्यावर तो हिशेब आपण का सोडला, देव जाणे.

मी म्हटलं, मेस्त्री, खालची बाजू पण घासायची. रंगवायची आहे.

"खालसून कोण बघतलो?"

"बघतली," मी म्हटलं. "ती बघतली."

त्यांनी काही न बोलता शिकंजा सोडवला आणि रंधा उचलला.

रंगाचा भाग मी माझ्या घरी केला. आणि इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण हल्ली 'नैसर्गिक रंग' म्हटलं की आईबापांचे डोळे पाणावतात. जुन्या चित्रकारांचा लाल म्हणजे हिंगूळ, तो पारा आणि गंधक यांचा. त्यांचा झळझळीत पिवळा म्हणजे हरताळ, त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक. सफेदा शिशाचा. तिन्ही अस्सल, जुने, परंपरेतले, आणि तिन्ही विष. चित्र भिंतीवर किंवा पोथीत असतं तेव्हा चालून जातं. पण दात येणारं मूल टेबलाची कड तोंडात धरतं, रंगाची ढलपी नखाने काढून चाखून बघतं. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

दुकानातला ऑइल पेंटही डोळे झाकून घेऊ नये. वर्षानुवर्षं त्यात शिशाची संयुगं घालत, रंग लवकर वाळावा आणि खुलून दिसावा म्हणून. मुलाच्या अंगात शिसं गेलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि त्याचं सुरक्षित असं प्रमाणच नाही. आपल्याकडे 2016च्या नियमांनी घरगुती रंगातलं शिसं दशलक्ष भागांत 90 भागांवर आणून ठेवलं. डब्यावर तसं छापलेलं असतं, बारीक अक्षरात. चष्मा लावून वाचावं. सुटा, बिनलेबलचा रंग स्वस्त मिळतो म्हणून मुलाच्या वस्तूला लावू नये. घरात केलेलं टेबल तपासायला कुठलाही इन्स्पेक्टर येत नाही, ते काम करणाऱ्यानेच करायचं असतं.

मी मातीकडे वळले. लालसाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवडी, काळ्यासाठी दिव्यावर धरलेली काजळी, पांढऱ्यासाठी खडूची भुकटी. निळा आणि हिरवा यांच्यासाठी मात्र मुकाट्याने शिसंविरहित, पाण्यात कालवायचा तयार रंग आणला. सोवळेपणा तिथेच सोडला.

रंगाखाली अस्तर लागतं. गंजिफेला देतात ते चिंचोक्याच्या खळीचं आणि खडूचं. चिंचोके भिजवायचे, त्यांची तपकिरी सालं काढायची (हे नखांचं काम आहे आणि नखांचा अंत बघणारं आहे), पांढऱ्या डाळिंब्या वाटायच्या, पाण्यात शिजवायच्या. गॅसवर ढवळताना घरभर एक आंबूस, धान्याचा वास भरतो. गाळून घेतली की चिकट, पारदर्शक खळ मिळते. पुस्तक बांधणारे आपल्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते मी अर्थातच घातलं नाही. कीड लागली तर लागो. खळीत वस्त्रगाळ खडू मिसळून पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, पुन्हा द्यायचा, आणि शेवटी गुळगुळीत गोट्याने घोटायचा. घोटता घोटता एक क्षण असा येतो की खरखर थांबते आणि गोटा आवाज न करता सरकायला लागतो. तिथे थांबायचं.

वरची बाजू मी जवळजवळ कोरी ठेवली. कडेने एक वेल, बाकी शिवणीचा मूळ रंग. कारण वर ती रंगवणार, खाणार, सांडणार. तिथे माझी चित्रं आली की "पुसेल हं, सांभाळ" हे वाक्यही येतं. चित्राची धास्ती घेऊन मुलाने जेवू नये. सगळी हौस मी खालच्या बाजूला भागवली. पार्श्वभूमी गेरूची. मधोमध मोठा गोल, आणि त्यात पाणी. मत्स्यावताराच्या पत्त्यावरचे मासे मी त्या पाण्यात सोडले, कूर्माची कासवं सोडली. गंजिफेतला मासा म्हणजे मोजक्या फटकाऱ्यांचा: पाठ, पोट, शेपूट, डोळा. चितारी माणूस पेन्सिलीने न आखता थेट कुंचला टेकवतो. गोल पत्त्यावर वेल काढताना तो हात फिरवत नाही, पत्ता फिरवतो. टेबल काही मला फिरवता येईना, म्हणून मीच त्याच्याभोवती फिरले, स्टूल ओढत ओढत. सोबत खाडीतलं तारू, एक खेकडा, आणि आमच्या परसातलं मांजर, जे कुठल्याच अवतारात नाही.

शेवटचा हात लाखेचा. लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्याची. तिचा शुद्ध केलेला चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, मलमलच्या कापडात कापसाचा बोळा बांधून तो त्यात बुडवायचा आणि थांबायचं नाही असं ठरवून हात फिरवायचा. मध्ये थांबलात की डाग. औषधाच्या गोळ्यांना चकाकी देतात ती याच लाखेची, तेव्हा मुलाने चाटली तर भीती नाही. गरम भांडं ठेवलं तर पांढरा चट्टा पडतो हा तिचा दोष. पण लाखेवर पुन्हा लाख चढते, जुना आणि नवा थर एकजीव होतात. ओरखडा पडला तर सगळं खरवडून काढावं लागत नाही. मुलाच्या वस्तूला यापेक्षा सोयीचं पॉलिश मला माहीत नाही.

टेबल-खुर्ची रात्रीच्या बसच्या डिकीतून आंबोलीचा घाट चढून पुण्याला गेली, जुन्या लुगड्यात गुंडाळून. मागोमाग मीही गेले. नात टेबलापाशी खुर्ची ओढून बसेल, चित्र काढेल, असा फोटो मुलीच्या मनात होता. मोबाइल तयार होता. तिने खुर्ची ओढत नेली ती थेट बेसिनपाशी. तिच्यावर चढून नळ सोडला आणि बराच वेळ हात धुतले. आजवर तिला कुणीतरी उचलून धरावं लागत होतं. मग परत येऊन टेबलाखाली गेली. आम्ही वाट बघत राहिलो. आतून आवाज आला, "मासे!" नंतर बराच वेळ काही नाही. मग आतून ढकलाढकल सुरू झाली. टेबल हलकं, ते उलटं झालं. चार पाय वर, मासे आणि कासवं उताणी. ती चार पायांच्या मधोमध, त्या पाण्यात जाऊन बसली, बाहुलीला घेतलं, मांजरावर बूड टेकलं आणि म्हणाली, "होडी. आजी, बस."

मला बसायला जागा नव्हती, पण तो मुद्दा तिला मान्य झाला नाही.

तेव्हापासून टेबल बहुतेक वेळ उलटंच असतं. जी बाजू तिने पाठीवर पडून बघावी म्हणून रंगवली, तिच्यावर ती बसते. दोन मासे जवळजवळ घासून गेले आहेत आणि मांजर तर नाहीच. जावई चुटपुटतात, एवढं रंगवलेलं खराब झालं म्हणून. मला तसं वाटत नाही. दरबार हॉलमध्ये काचेच्या कपाटात ठेवलेली गंजिफा शाबूत आहे, पण घरांत तिचा डाव मांडणारं जवळपास कुणी उरलं नाही. खेळून झिजलेले पत्ते आणि कपाटातले शाबूत पत्ते यांतून निवडायची वेळ आली तर मी झिजलेले घेईन.

सावंतवाडीला आलात तर लाकडी फळांची टोपली घ्याच, तिच्यावर कारागिरांची घरं चालतात. पण घरात लहान मूल असेल तर एक छोटं टेबल किंवा चौरंग सांगून करून घ्या. माप देवघराचं नको, मुलाच्या गुडघ्याचं द्या. लाकूड कुठलं ते विचारा, रंगात शिसं नाही ना ते विचारा, आणि खालची बाजूही रंगवायला सांगा. कारागीर जरा चमकून बघेल आणि दोन-तीनशे रुपये जास्त सांगेल. तिथे घासाघीस करू नका.